डाव्या हाताचा मफलर

पुण्यात लोकर मागितली की दुकानदार आधी विचारतो, "बाळ किती महिन्यांचं?" पुणेकरांच्या मते लोकर ही कुंच्या आणि पायमोजे यांच्यासाठीच जन्माला आलेली वस्तू आहे. मोठ्या माणसाला थंडी वाजली तर त्याने कानटोपी घालून टेकडीवर जावं आणि वर पोचल्यावर "यंदा काही खास थंडी नाही" असं म्हणावं, एवढीच सोय आहे. मंडईजवळच्या त्या दुकानदारानेही मला तेच विचारलं. मी म्हटलं, "एकसष्ट वर्षांचं." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग मऊ देऊ की टिकाऊ?"

मी टिकाऊ घेतली. पोपटी रंगाचे चार गुंडे आणि क्रोशाची एक जाड सुई, तीच ती टोकाला आकडा असलेली. रंग नातीने ठरवला होता. ती सहा वर्षांची आहे, हडपसरला राहते, आणि सकाळी शाळेच्या बसमध्ये तिच्या मानेला गार वारा लागतो. तिला मफलर हवा होता. मी विणून देते म्हटल्यावर माझा मुलगा हसला. "आई, तुला विणता कुठं येतं?"

खरंच येत नव्हतं. आयुष्यात मी एक टाका घातला नव्हता. आळस किंवा हौस नसणं हे त्याचं कारण नव्हतं, आणि ते कारण मी कुणाला सांगतही नसे. मी डावखुरी आहे. आज हे सरळ लिहितेय, पण वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून मी ते लपवत आले.

लहानपणी मी जेवायला बसले की आई पहिला घास घ्यायच्या आधी म्हणायची, "हातावर बस." म्हणजे डावा हात मांडीखाली घालायचा आणि त्यावर बसून जेवायचं. चटईवर बसलेली असले तर उठताना तळहातावर चटईची नक्षी उमटलेली असायची. आमच्याकडे ताट वाढायचे नियम मोठे कडक. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि त्यातलं काही उजवीकडे गेलं तर वाढणाऱ्याचा उद्धार व्हायचा. मला लहानपणी नेहमी वाटायचं, की चटणीला डावी बाजू चालते तर मलाच का चालत नाही? एकदा मी हे मोठ्याने विचारलं. त्यानंतर परत विचारलं नाही.

शाळेत शिवणाचा तास असे. शिवणाच्या बाईंनी माझ्या डाव्या हातातली सुई पाहिली, लाकडी पट्टी उचलली, आणि दोन-तीन तासांनी कंटाळून मला शेवटच्या बाकावर बसवलं. "तुझा टाका उलटा पडतो. तू सगळ्यांच्या सुया ओवून दे." पाचवी ते सातवी मी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या सुया ओवल्या. त्यांनी रुमाल केले, उशांचे अभ्रे केले, एकीने तर आईच्या नेसायच्या साडीला फॉल लावला. मी सुया ओवल्या. शिवणात मला जेमतेम पास केलं आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'सहकार्याची वृत्ती चांगली.' तो शेरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

पुढे मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून झाले. तीस वर्षं मुलांचे दाखले लिहिले, उजव्या हाताने. लोक म्हणायचे, काय मोत्यासारखं अक्षर आहे हो! मी हसायचे. ते अक्षर माझं नव्हतं, मारून मुटकून बसवलेलं होतं, पण मोत्यांना कोण विचारतं, की बाबांनो, तुम्ही कुठल्या हाताचे?

एवढं सगळं गिळून मी गप्प बसलेच असते. मला बोलतं केलं ते गेल्या दिवाळीतल्या पाडव्याच्या जेवणाने.

मुलाकडे हडपसरला गेले होते. नवव्या मजल्यावरचं घर, काचेचं डायनिंग टेबल, सुनेने केलेली बासुंदी. नातीने वाटी जवळ ओढली आणि चमचा डाव्या हातात घेतला. मुलगा त्याच्या ताटातून मानही वर न करता म्हणाला, "हातावर बस."

त्या पोरीने चमचा उजव्या हातात घेतला आणि डावा हात मांडीखाली सरकवला. न कुरकुरता, अगदी सवयीने. म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. मग माझं लक्ष मुलाकडे गेलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, कंपनीत हाताखाली वीस माणसं, आणि खुर्चीवर बसून जेवताना त्याचा स्वतःचा डावा हात मांडीखाली होता.

तो हात तिथे मी ठेवला होता.

माझा मुलगाही डावखुरा जन्मला. साडेतीन वर्षांचा असताना स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघोट्या मारायचा, डाव्या हाताने, आणि त्या रेघोट्यांमधून खरंच कावळे आणि बस ओळखू यायच्या. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. ती लाकडी पट्टी, तो शेवटचा बाक, सगळं डोळ्यांपुढे आलं. सासूबाईंनी काही सांगितलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं, की बाहेरच्यांनी मारून सरळ करण्याआधी आपणच मायेने करावं. "हातावर बस," मी म्हणायला लागले. आवाज माझा होता आणि शब्द आईचे. सहा महिन्यांत तो उजव्या हाताचा झाला. भिंतीवरचे कावळे थांबले. मोठा झाल्यावर त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं आणि मी कधी सांगितलं नाही. हे माहीत असलेलं दुसरं माणूस म्हणजे त्याचे बाबा, तेही गेले. त्यामुळे माझ्या मुलाचा इतकी वर्षं प्रामाणिक समज होता, की मुलांना जेवायला असंच बसवतात. जसं हात धुवायला सांगतात, तसं हातावर बसायला सांगतात.

त्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले, "अरे, राहू दे ना तिला."

"आई, ही शिस्त तुझीच," तो म्हणाला. "मीही असाच बसायचो. माझं काय वाईट झालं?"

मी बासुंदी संपवली आणि स्वारगेटची बस धरली. पूर्ण रस्ता मी स्वतःवर चरफडत होते. उत्तर जिभेवर होतं, पण ते द्यायचं म्हणजे आधी गुन्हा कबूल करायचा, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मात्र एक गोष्ट मी बसमध्येच ठरवून टाकली. तो मफलर मी विणणार, आणि नातीचा हात मांडीखालून काढणार. कसा काढणार ते ठाऊक नव्हतं.

सहकारनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एका हॉलमध्ये विणकामाचा वर्ग चालतो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते साडेपाच. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "नवशिक्यांनी मफलरच करायचा. बाही नाही, गळा नाही, बटण नाही. सरळ जायचं, वळायचं, परत यायचं. हेही जमलं नाही तर भाजी निवडा."

कृती खरोखर सोपी होती. आधी वीस साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले वीस फास. मग सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, साखळीत सुई घालायची, दोरा ओढायचा, पुन्हा वेढा घ्यायचा आणि सुईवरचे सगळे फास एकदम सोडवायचे. याला म्हणतात अर्धा खांब. ओळ संपली की दोन साखळ्या घालून काम उलटं वळवायचं आणि पुन्हा तेच. वीस अर्धे खांब, मग वीस, मग वीस.

मी अर्थातच सुई उजव्या हातात धरली. बाई माझ्यापाशी आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, दुसरा हात कुठंय तुमचा?"

मी खाली पाहिलं. मी त्याच्यावर बसले होते.

"काढा तो. दोरा काय मी येऊन धरू?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. नवीन काही शिकायची वेळ आली, की माझा डावा हात आपोआप मांडीखाली जातो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. छप्पन्न वर्षं तो तिथे जाऊन लपत होता आणि मला पत्ता नव्हता.

तीन आठवडे मी उजव्या हाताने विणलं. नवशिक्यांची नेहमीची चूक मी नेहमीपेक्षा जोमाने केली. प्रत्येक ओळीच्या शेवटचा खांब माझ्याकडून राहून जायचा. वीसचे एकोणीस झाले, एकोणीसचे अठरा, आणि वीतभर अंतरात मफलर इतका निमुळता झाला, की बाईंनी तो दोन बोटांत उचलून वर्गाला दाखवला. "हा मफलर नाही, हा नेकटाय आहे. ऑफिसला जाणाऱ्या कुणाला तरी द्या." मग मला म्हणाल्या, "उसवा."

मी घरी येऊन उसवला. दिवेलागणीची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. लोकर भराभरा सुटत गेली आणि तिचा कुरळा ढीग मांडीत पडला. मला इतका राग आला! बाईंचा नाही, लोकरीचा नाही. मला त्या उजव्या हाताचा राग आला, जो तीस वर्षं मोत्यासारखं लिहितो आणि ज्याला वीसपर्यंत मोजता येत नाही. मी सुई या हातातून त्या हातात घेतली. घरात एकटी असूनही आधी दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. मग साखळी घालायला लागले.

त्या बोटांना कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी त्यांना येत होतं. पहिली साखळी जरा सैल पडली, दुसरी बरी, आणि दहाव्या साखळीनंतर माझं हाताकडे लक्षही नव्हतं. वीस झाल्या तेव्हा मी रडत होते. आनंदाने वगैरे नाही, चक्क संतापाने. हा हात इतकी वर्षं माझ्याकडे होता आणि मी त्याच्यावर बसून राहिले. 'हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ' असं लोक फुशारकीने म्हणतात. मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले असते तर आईने तोंड धुवायला लावलं असतं.

शुक्रवारी वर्गात गेले आणि सगळ्यांदेखत सुई डाव्या हातात धरली. बाई म्हणाल्या, "हे काय?"

"मी डावखुरी आहे."

"मला डावं शिकवता येत नाही. माझ्या शेजारी बसलात तर तुम्हाला सगळं उलटं करावं लागेल."

"मग मी शेजारी बसत नाही, समोर बसते."

"समोरून आरशातल्यासारखं उलटं दिसेल."

"मला तेच हवंय," मी म्हटलं.

 बाईंनी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर आला. त्यांनी वेढा घेतला, मी वेढा घेतला. त्यांची सुई माझ्याकडे आली, माझी त्यांच्याकडे गेली. दोन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, "इतकं सोपं आहे होय हे!" नंतर थोड्या वेळाने, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका डावखुऱ्या मुलीला मी वर्गातून परत पाठवलं होतं."  मला त्यांचा रागही आला आणि त्या मला आवडल्याही.

शेवटचा खांब निसटू नये म्हणून त्यांनी एक युक्ती दिली. ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टी पिन अडकवायची. परत येताना पिनेपर्यंत पोचलो नाही तोवर ओळ संपलेली नाही. त्या पिनेने माझा मफलर वाचवला. डिसेंबरभर मी विणत राहिले. दूध तापेपर्यंत एक ओळ, कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक ओळ, बँकेच्या रांगेत दोन. रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "उलट्या हाताने विणताय तुम्ही." मी म्हटलं, "हात सुलटाच आहे, तुम्ही पलीकडे उभे आहात."

वर्ग संपला त्या दिवशी सगळ्यांचे मफलर टेबलावर मांडले. मी बाईंना म्हटलं, "यातला डाव्या हाताचा कोणता ते रंग विसरून सांगा." त्यांनी चष्मा लावला, पंधराही मफलर उलटेपालटे केले, कडा मोजल्या आणि म्हणाल्या, "नाही हो कळत." मग फटकळपणे, "तुमचा कडेला सरळ आलाय, एवढंच." मी घरी जाताना स्वतःला एक कटिंग चहा पाजला.

संक्रांतीला सुनेने हळदीकुंकू ठेवलं. त्यांच्या सोसायटीतल्या दहा-बारा बायका येणार होत्या. मी सकाळीच हडपसर गाठलं. मफलर नातीच्या गळ्यात घातला तर तो दोन वेढे होऊन पोटापर्यंत आला. ती काही तो काढायला तयार होईना. संध्याकाळी सगळ्या बायका काळ्या साड्यांत आणि त्यांच्यामधून ही पोपटी मफलर मिरवत फिरतेय. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तो हातात घेऊन पाहिला, कडेवरून बोट फिरवलं. "काय एकसारखं विणलंय! कुठून आणला?" "आजीनं केला," नात म्हणाली. त्या बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला बरं वाटलं, का खोटं बोलू.

मग तिळगूळ वाटायचं काम नातीकडे आलं. ताटली तिने उजव्या हातात धरली आणि लाडू उचलायला डावा हात घातला. तो लाडू तिने त्याच शेजारच्या बाईंपुढे धरला. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "अगं बाळा, उजव्या हातानं द्यायचं असतं. डाव्या हातानं देतात का?" दोघी-तिघी हसल्या, वाईट मनाने नाही, असंच.

नातीने वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे तिचा बाप उभा होता.  त्याने नुसती नकारार्थी मान हलवली, एवढीशी. पोरीने ताटली टीपॉयवर ठेवली, सोफ्यावर जाऊन बसली आणि डावा हात मांडीखाली घातला. पुढ्यात ना ताट होतं, ना वाटी. तिला कुणी 'हातावर बस' म्हटलंही नव्हतं.

मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या तरी उठले. तिच्यासमोर जाऊन माझा डावा हात पुढे केला. "मला दे. त्याच हातानं दे."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच तिचा हात मांडीखालून निघाला, ताटलीतला लाडू त्याने उचलला आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," ती पुटपुटली.

"तिळगूळ घेते," मी म्हटलं, "पण गोड बोलायचं आता मला जमणार नाही. पुष्कळ वर्षं बोलले." आणि त्या बाईंकडे वळले. "तुम्ही मघाशी कौतुक केलंत ना, तो मफलर मी याच हातानं विणलाय. पहिल्या साखळीपासून शेवटच्या गाठीपर्यंत. तुम्ही त्यावरून हात फिरवलात. विटाळ झाला असेल तर बेसिन त्या बाजूला आहे."

 सुनेने पटकन अत्तरदाणी उचलली आणि जिला अत्तर लावून झालं होतं तिलाच पुन्हा लावलं. मी चारचौघांत पाहुण्यांशी असं बोलायला नको होतं, हे मला कळतं. कळूनही मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्या बाई अजून माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

सगळ्या गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, हे काय होतं?" आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता. "शाळेत तिचं कोपर शेजारच्या मुलाला लागतं. तिच्या बाईंनी दोनदा सांगितलं."

"मग तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांग. त्यासाठी हात कशाला दडपायचा?"

"अगं, पण सगळ्यांनाच बसवतात हातावर. मला नव्हतं बसवलं?"

हाच तो प्रश्न होता. दिवाळीत मी त्याच्यापासून पळाले होते.

"सगळ्यांना नाही बसवत," मी म्हटलं. "आठवून बघ. तुझा कोणता मित्र जेवताना हातावर बसायचा? काकाची मुलं बसायची?"

तो आठवत राहिला. मला दिसत होतं, एकेक ताट तो डोळ्यांपुढे आणत होता.

"तू डावखुरा होतास," मी म्हणाले. "मी तुला बदललं. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. मला मारलं होतं म्हणून तुला कुणी मारू नये असं वाटलं, पण केलं मीच. आणि नंतर तुझ्या अक्षरावरून दहा वर्षं मी तुला रागवायचे, सगळं माहीत असताना. त्याची मला लाज वाटते."

त्याचं अक्षर आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. कोंबडीचे पाय, डॉक्टरची चिठ्ठी, काय काय म्हणायचो आम्ही. सर्वांत जास्त मी म्हणायचे. आता तो स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहत होता, जणू कुणी त्याला ते नुकतेच आणून दिले होते.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं."

तो गॅलरीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी त्याच्या मागे गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? सगळं सांगून झालं होतं.

उरलेला लोकरीचा गुंडा माझ्या पिशवीत होता. नातीने तो बरोबर शोधून काढला. "आजी, मला शिकव ना." मी वर्गातल्या सवयीने स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं आणि बसले. ती उठली, स्टुलाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी, कुशीला चिकटून बसली. मी म्हणणार होते, अगं समोर बस, शेजारून उलटं दिसतं. आणि मग लक्षात आलं, की नाही दिसत. तिचा डावा हात, माझा डावा हात. मला शिकवायला माझ्या शेजारी असं कुणी कधी बसलं नव्हतं. मी साखळी घातली, तिने पाहिली, आणि तिनेही घातली. तिची माझ्या पहिल्या साखळीपेक्षाही सैल होती.

साडेआठला सुनेने खिचडी टेबलावर आणली. मुलगा गॅलरीतून आला आणि त्याच्या जागेवर बसला. नात तिच्या खुर्चीवर चढली, आणि बसता बसता तिचा डावा हात सवयीने मांडीखाली गेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगा म्हणाला, "हात काढ."

तिला वाटलं, ती काही चुकली. तिने घाबरून त्याच्याकडे पाहिलं.

"काढ तो हात वर," तो म्हणाला. "चमचा धर त्यानं."

तिने हात काढला. मग त्याने स्वतः खाली, आपल्या खुर्चीकडे पाहिलं. आणि त्याने आपलाही हात मांडीखालून ओढून काढला, काचेच्या टेबलावर ताटाशेजारी ठेवला, आणि तिथे तो त्याला धड ठेवता येईना. एकदा उपडा ठेवला, एकदा मुठीत आवळला.

सून पळी घेऊन उभी होती. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "तूप वाढू का?"